मी तुरटी कशी झाले

भुवया लपवायला शाळेतला गम लागतो. हो, तोच, कागद चिकटवायची कांडी असते तो. आधी केसांच्या उलट्या दिशेने फिरवायचा, मग कंगव्याने वर विंचरून केस कपाळाला चपटे बसवायचे, वाळू द्यायचे, पावडर थापायची, परत गम, असे तीन-चार थर झाले की त्यावर कन्सीलर. घाई केली की अर्ध्या तासाने घामाने भुवई सुटते आणि मेलेल्या सुरवंटासारखी उभी राहते, हे मी पुढे भर स्टेजवर शिकलो, ते सांगतोच. पण पहिल्यांदा जमलं तेव्हा विग नव्हता, लिपस्टिक नव्हती, फक्त भुवया गायब, आणि आरशात जो चेहरा होता तो ना माझा ना कोणाचा, कोऱ्या पाटीसारखा, आणि मी दोन मिनिटं त्याच्याकडे बघत नुसता उभा.

मी करतो ते अडल्ट शो असतात, अठराच्या वरच्यांसाठी, रात्री उशिरा. पुरुषाने बाई होऊन करायचा परफॉर्मन्स, म्हणजे ड्रॅग, पण गुलाबी झगा घालून गोड हसण्यातला नाही, आल्टरनेटिव्ह म्हणतात तो, म्हणजे काळी लिपस्टिक, चामड्याचे पट्टे, खिळे, सेफ्टी पिना, थोडं पंक आणि थोडं स्मशानातून उठून आल्यासारखं. त्यातला चावटपणा इथे लिहिणार नाही, तो ज्याला बघायचाय त्याने तिकीट काढावं. मला लिहायचंय ते कॉन्फिडन्सबद्दल, कारण मी मूळचा मीटिंगमध्ये नाव पुकारलं तरी दचकणारा माणूस, आणि लोक विचारतात की तू आणि हे? कसं काय? तर हे असं.

सुरुवातीला मी रीतसर सुंदर व्हायला गेलो. वय पस्तीस, खांदे रुंद, जबडा चौकोनी, आणि ध्येय काय तर कोणाला कळताच कामा नये. व्हिडिओ बघून बघून सगळं केलं. दाढी दोनदा केली, आधी केसांच्या दिशेने मग उलटी, तरी गालावर ती निळसर सावली राहतेच, मग कळलं की तिच्यावर नुसतं फाउंडेशन फासलं की चेहरा राखाडी दिसतो, आधी खाली नारिंगी रंग लागतो कारण निळ्याला नारिंगी मारतो, आणि तोही घासायचा नाही, थापायचा. ते केलं. लांब कुरळा विग आणला. आणि आरशात कोण, तर माझी आत्या. खरंच, हुबेहूब आत्या, तीही चिडलेली. बायको दारात उभी राहून बघत होती, ती आधी काहीच बोलली नाही आणि मग म्हणाली, "चांगला दिसतोयस रे, पण असा का उभायस, फोटो काढायला जबरदस्तीने आणल्यासारखा?"

बरोबर होतं तिचं. कारण मी लपत होतो. कळू नये हाच जर सगळा खेळ असेल तर प्रत्येक बघणारा हा परीक्षक होतो आणि तुम्ही कायम नापास व्हायच्या बेतात असता. मान खाली, हात पोटावर, केस गालावर ओढलेले, जबडा झाकायला. अशा माणसाला कॉन्फिडन्स कुठून येणार!

मी मात्र तो बाहेरून आणायला निघालो. नेटवर जितके उपाय सापडतात तितके केले. कमरेवर हात ठेवून, पाय फाकवून दोन मिनिटं उभं राहायचं, पॉवर पोज म्हणतात ते, बाथरूममध्ये कोर्सेट, म्हणजे दोऱ्या ओढून कंबर आवळायचा तो पट्टा, घालून मी ते करायचो, विचार करा काय चित्र असेल. नंतर वाचलं की त्यामागचा २०१० चा जो गाजलेला प्रयोग होता तो २०१५ मध्ये जास्त लोकांवर करून बघितला तेव्हा लोकांना स्वतःला थोडं पॉवरफुल वाटतं एवढंच निघालं, हार्मोन बिर्मोन काही बदलत नाही, वागणंही बदलत नाही, आणि २०१६ मध्ये मूळ पेपरच्या पहिल्या लेखिका डॅना कार्नी यांनी स्वतःच जाहीर सांगून टाकलं की आपला आता त्यावर विश्वास नाही. मला त्या बाईंचं जाम कौतुक वाटलं. आपलं गाजलेलं काम चुकलं असं चारचौघांत म्हणायला जो काय दम लागतो, तो बाथरूमच्या पोजमधून नक्कीच आलेला नसणार.

मग मावशी भेटली. मावशी म्हणजे माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठा कलाकार, दिवसा तो आणि मेकअपमध्ये ती, सगळे मावशीच म्हणतात. एका शोनंतर धीर करून तिच्याशी बोललो, फोटो दाखवले. तिने एकेक फोटो सरकवला आणि विचारलं, "ही कोण आहे?" मी म्हटलं, मीच आहे की. "तू आहेस ते दिसतंय रे. ही कोण आहे? हिला राग कशाचा येतो? ही उशिरा आली तर सॉरी म्हणते का?" मला एकाचंही उत्तर देता येईना. नाव तरी काय ठेवलंयस, म्हणाली. मोहिनी, म्हटलं. ती इतकी हसली की चिकटवलेली पापणी सुटली तिची.

नाव पुढे अपघाताने मिळालं. तिच्याकडे शिकायला जायला लागलो, तिथे पहिल्याच दिवशी घाईत दाढी करताना हनुवटीवर कापलं, रक्त थांबेना, मावशीने पर्समधून तुरटीचा खडा काढला आणि दाबून धरला. मी जो ओरडलो! ती शांतपणे म्हणाली, "झोंबते, पण रक्त थांबवते. हे घे तुझं नाव." मला आधी आवडलं नाही, तुरटी काय, पण घरी जाताना रस्ताभर तेच डोक्यात. दिसायला स्फटिकासारखी, चवीला नको वाटणारी, आणि गढूळ पाण्यात फिरवली की गाळ खाली बसवणारी. आता हिला राग कशाचा येतो ते मला माहीत होतं. गुळमुळीतपणाचा. म्हणजे माझाच.

सुंदर व्हायचा नाद तिथे सुटला, आणि आल्टरनेटिव्हचं खरं सुख तेव्हा कळलं. जबडा लपवायचा नाही, उलट खाली काळी छटा देऊन आणखी धारदार करायचा. गायब केलेल्या भुवयांच्या जागी भुवया काढायच्याच नाहीत, किंवा काढल्या तर कपाळाच्या पार वर, जिथे कुठल्याच माणसाला नसतात अशा. खांदे रुंद आहेत ना, मग त्यावर खिळ्यांचे पट्टे. मागे कळणार तर नाही ना म्हणून जीव जायचा, आता कळायचं काय बाकी ठेवलं होतं? बघणाऱ्याच्या हातातला परीक्षेचा पेपरच काढून घेतला. ती बाईची नक्कल नव्हती आणि पुरुषाचं सोंगही नव्हतं, ती तुरटी होती, आणि तुरटी बरोबर दिसते की चूक हे ठरवायला दुसरी तुरटी कुठे आहे?

पण दिसणं वेगळं आणि असणं वेगळं. दिसायला लागलो होतो, हललो की परत मीच. आणि इथे जे झालं ते मला कोणी सांगितलं नव्हतं, मावशीनेही नाही, तिला बहुतेक ते इतकं सवयीचं की सांगायचं सुचलं नसेल. माझा कॉन्फिडन्स आला तो कपड्यांच्या त्रासातून.

कोर्सेट घ्या. नवीन कोर्सेट एकदम आवळायचा नसतो, रोज थोडा वेळ घालून अंगाला सवय करायची आणि कोर्सेटलाही, आधी सैलसर मग हळूहळू दोऱ्या ओढायच्या, चक्कर आली किंवा मुंग्या आल्या की काढायचा, यात शहाणपणा करायचा नाही. तर तो घातला की पोटाने श्वास घेता येत नाही, छातीच्या वरच्या भागात छोटा छोटा श्वास. म्हणजे लांब वाक्यं बोलता येत नाहीत. मी एरवी कसा बोलतो तर, म्हणजे काय आहे ना, मला असं वाटतं, चुकत असेन तर सांगा, असं करत करत. कोर्सेटमध्ये तेवढी हवाच नसते हो! "पाणी." "उशीर झालाय." "नको." एवढंच निघतं. आणि समोरचे लोक पाणी आणून देतात, कारण ज्या आवाजात ते निघतं त्यात विनंतीची जागाच उरलेली नसते. वाकता येत नाही, म्हणून काही पडलं तर मी ते उचलत नाही, त्याच्याकडे बघतो, मग कोणाकडे तरी बघतो. लोकांना वाटतं काय ॲटिट्यूड आहे. ॲटिट्यूड कसला, बरगड्या आहेत त्या.

बूट तसेच. मी आधी पेन्सिल हील घ्यायला गेलो होतो, घोटा मुरगळून आठवडा घरी बसलो, मग प्लॅटफॉर्मचे बूट घेतले, गुडघ्यापर्यंतचे, दोऱ्यांचे. सहा इंची टाच आणि पुढे दोन इंच तळ म्हणजे पायाला चढ चारच इंचांचा लागतो, घोटा बुटात घट्ट बांधलेला, हे नवशिक्याला कितीतरी बरं. पण जड असतात. त्यात पळता येत नाही, पटकन बाजूला होता येत नाही, वळायचं तर आधी ठरवावं लागतं आणि मग सगळं अंग मिळून वळतं. मी आयुष्यभर अरुंद जागेत समोरून कोणी आलं की आपण भिंतीला चिकटणारा माणूस. बुटात ते शक्यच नाही. समोरचा चिकटतो. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी सवयीने सॉरी म्हणायला तोंड उघडलं आणि हवा नव्हती.

नखं पण लिहायला हवीत, लांब चिकटवलेली. बाटली उघडता येत नाही, फोन धड चालवता येत नाही, बटणं लावता येत नाहीत, आणि बोटं सतत थोडी पसरून हवेत धरावी लागतात. माझे हात पूर्वी कुठे ठेवू हे न कळून खिशात जायचे. आता खिसेच नाहीत आणि बोटं आपोआप मोर झालेली. कमरेला फोमचे पॅड, ते नीट कापायलाच मला तीन प्रयत्न लागले (पहिल्यांदा कडा उतरत्या केल्या नाहीत तर मांडीवर दोन उशा बांधल्यासारखं दिसत होतं, आणि सर्वात रुंद भाग कमरेपाशी नसतो, खाली असतो, हेही तेव्हाच कळलं), त्यावर दोन-तीन स्टॉकिंग एकावर एक, म्हणजे बसतानासुद्धा विचार करून बसायचं. या सगळ्या अडचणी एकत्र केल्या की जी बाई तयार होते ती हळू चालते, कमी बोलते, कोणासाठी सरकत नाही, खाली पडलेलं उचलत नाही आणि बसायच्या आधी खुर्चीकडे नीट बघून घेते. बाहेरून बघणारा म्हणणार, केवढा आत्मविश्वास! आणि गंमत म्हणजे तासभर तसं वागल्यावर मलाही तसंच वाटायला लागतं, कारण समोरचे सगळे तसे वागत असतात माझ्याशी.

आवाजाचा घोळ मात्र बरेच दिवस चालला. पुरुषाच्या बोलण्याचा सूर साधारण ८५ ते १५५ हर्ट्झमध्ये आणि बाईचा १६५ ते २५५ मध्ये असं कुठेतरी वाचून मी फोनवर मोजायचं ॲप टाकलं आणि दोनशेच्या पुढे बोलायची प्रॅक्टिस सुरू केली, तर कार्टूनमधला उंदीर. शिवाय नुसती पट्टी वर नेऊन काही होत नाही, आवाज घशात घुमतो की तोंडात पुढे, त्यावर बरंच असतं. मावशी म्हणाली, सोड ते, तुरटीला तुझाच आवाज असू दे, फक्त घाई नको. ते ऐकलं आणि सुटलो. गाण्यावर ओठ हलवताना पण तिने एकच गोष्ट धरून बसवली, शब्द सगळेच पाठ करतात, तू गाणारीचा श्वास पाठ कर, ती कुठे हवा घेते तिथे तुझी छाती हलली पाहिजे, नाहीतर तोंड गातंय आणि अंग बस स्टॉपवर उभं आहे असं दिसतं.

पण आवाजापेक्षा मोठी अडचण आपल्या भाषेची. इंग्रजीत काम करणाऱ्यांना हा त्रास नाही, तिथे मी म्हणजे मी. मराठीत तोंड उघडलं की ठरवावं लागतं, गेलो की गेले, करतो की करते. मी मेकअपमध्ये सुद्धा महिनोन्महिने "आलो" म्हणायचो. मुद्दाम "आले" म्हणायचा प्रयत्न केला की शाळेच्या नाटकातला संवाद वाटायचा. मावशीने कधीच टोकलं नाही. एकदा ड्रेसिंग रूममध्ये माझ्या मागे कोणीतरी माझ्या पिशवीवर पाय दिला, आत विग होता, आणि मी न बघताच म्हणाले, "मी ठेवलीय ना तिथे? मी परत हलवणार नाहीये, दमलेय मी." दमलेय. मलाच उशिरा ऐकू आलं. मावशीने आरशातूनच माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "अगं तुरटे, पापणी उलटी लावलीयस." अगं म्हणाली. तोपर्यंत दोन वर्षं अरे म्हणत होती.

आता जरा अवघड भाग. या प्रकारच्या शोंमध्ये एक ठरलेला फॉर्म्युला आहे, पुरुषाला बळेच बाई बनवायचं, त्याची थट्टा करायची, तो लाजतो, लोक हसतात. मोठ्या माणसांनी राजीखुशीने केलेला खेळ म्हणून मला त्यात गैर काही वाटत नाही, ज्याला जे आवडतं ते, आणि माझा पहिला ॲक्टही तसाच होता. आम्ही दोघं होतो, माझी जोडीदार कलाकार मला स्टेजवर सजवायची आणि टोमणे मारायची. आधी बसून सगळं ठरवलेलं, कुठे हात लावायचा कुठे नाही, कुठले शब्द चालतील कुठले नाही, आणि थांबायची खूण, मी तिच्या मनगटावर दोनदा टॅप केलं की लगेच विषय बदलायचा. हे ठरवणं कंटाळवाणं वाटतं पण त्याच्याशिवाय स्टेजवर बेफिकीर दिसताच येत नाही, कारण अंग सावध राहतं आणि सावध अंग लांबून दिसतं.

तर ॲक्ट चालायचा, लोक हसायचे. तिसऱ्या-चौथ्या शोनंतर त्या जोडीदारणीनेच, खिळे काढता काढता, सहज विचारलं, "हे सगळं ठीक आहे, पण बाई होणं ही शिक्षा कशी काय? म्हणजे मी रोज सकाळी उठते ती काय शिक्षा भोगायला का?" मला उत्तर सुचेना, आणि ती काही भांडत नव्हती, ती खरंच विचारत होती. घरी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, मी बघायला आले होते ना त्या दिवशी, मला हसू आलं नाही ते त्यामुळेच. म्हणजे ती आली होती, बघून गेली होती, आणि मला बोलली नव्हती. ते जास्त लागलं.

मग ॲक्ट उलटा केला. फार काही बदललं नाही, तेच सामान, तीच माणसं. पूर्वी ती मला सजवायची आणि मी लाजायचो. आता मी पुरुषाच्या साध्या शर्टपँटमध्ये अवघडून, खांदे पाडून येतो, ऑफिसात असतो तसा, आणि ती एकेक वस्तू चढवते तसतसा मी सरळ होत जातो, टोमणे ती मारतेच पण माझ्याकडून उत्तरं यायला लागतात, आखूड, कोर्सेटच्या हवेतली, आणि शेवटी ती दमून खुर्चीत बसते आणि तुरटी तिला पाणी आणून देते. हसतात अजूनही, जास्तच हसतात, फक्त आता हसू त्या शर्टपँटवाल्यावर येतं. त्याच्यावर हसलेलं मला चालतं, तो माझा रोजचाच आहे.

भुवईचं सांगायचं राहिलं. त्या नव्या ॲक्टच्या दुसऱ्याच शोला, लाइट कडक, एसी बंद पडलेला, गमाचा शेवटचा थर मी कंटाळून गाळलेला. मध्यावर डाव्या डोळ्यावर काहीतरी गुदगुल्या. भुवई उठली होती. पुढची आठ मिनिटं माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं, सगळं प्रेक्षागृह फक्त त्या भुवईकडे बघतंय. शो संपला, मावशी पहिल्या रांगेत होती, तिला विचारलं, तिने पाहिलं नव्हतं. बायकोने नाही. जोडीदार, जी माझ्या तोंडापासून हातभर अंतरावर होती, तिने पाहिली पण तिला वाटलं मी मुद्दाम तशी काढलीय. यावर एक जुना प्रयोग आहे २००० सालचा, अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना एका गायकाचं चित्र असलेला लाजिरवाणा टीशर्ट घालून भरल्या खोलीत पाठवलं आणि विचारलं किती जणांच्या लक्षात आलं असेल, त्यांना वाटलं जवळजवळ निम्म्यांच्या, प्रत्यक्षात पाव जणांच्याच आलं होतं. हे मला आधीपासून माहीत होतं, पॉवर पोजच्या काळातलं वाचन, पण काही उपयोग झाला नव्हता. भुवईने झाला.

पर्सोना, म्हणजे हे घेतलेलं रूप, कधी उतरवायचा यावर मात्र या कलेत दोन टोकं आहेत आणि मी मध्येच कुठेतरी लोंबकळतोय. जपानच्या काबुकी नाटकांत स्त्री भूमिका करणारे पुरुष असतात, ओन्नागाता, त्यातला योशिझावा आयामे (१६७३ ते १७२९) म्हणायचा की रंगमंचाबाहेरही, रोजच्या जगण्यात बाईसारखंच राहायला हवं. आपल्याकडे बालगंधर्व होते, बायका त्यांच्या नेसण्या-सजण्याची नक्कल करायच्या असं सांगतात, म्हणजे कोण कोणासारखं हा प्रश्नच उलटा झालेला. आणि दुसरीकडे आमच्या पंथाचा दैवत म्हणावा असा ली बॉवरी, लंडनच्या क्लबांतला, जो बाईसारखं काय माणसासारखंही दिसायच्या भानगडीत पडला नाही, डोक्यावरून रंगाचे ओघळ सोडायचा. त्याने १९८८ मध्ये लंडनच्या एका गॅलरीत काय केलं, तर एकतर्फी आरशामागे सजून बसला, प्रेक्षकांना तो दिसायचा आणि त्याला फक्त स्वतःचं प्रतिबिंब. मी हे वाचून खूप दिवस विचार करत होतो. मला आरशात दोन मिनिटं उभं राहायला जड गेलं होतं, आणि हा माणूस लोकांसमोर तासन्‌तास स्वतःलाच बघत बसला.

मला आयामेसारखं जमणार नाही, इच्छाही नाही. तुरटी पुसायला पाऊण तास लागतो, तेल, मग फेसवॉश, मग परत तेल, भुवयांतला गम कोमट पाण्याने, ओढला तर खरे केस जातात. कोर्सेट सुटल्यावरचा पहिला पूर्ण श्वास म्हणजे काय सुख असतं ते सांगता येणार नाही. पण दुसऱ्या दिवशी जाम पडेल वाटतं, हे कोणी सांगत नाही, अंगातला सगळा जोश उतरतो आणि साध्या ईमेलला उत्तर द्यायला पण भीती वाटते, मी आता शोच्या दुसऱ्या दिवशी सुट्टीच टाकतो. आणि नाही, ऑफिसात मी वाघ झालेलो नाही. लोकांना ते ऐकायला आवडलं असतं. मीटिंगमध्ये अजूनही दचकतो. एकच फरक पडलाय, बोलताना मध्येच हवा संपल्यासारखं थांबायला जमतं, आणि थांबलो तर कोणी मारत नाही हे कळलंय. मागच्या महिन्यात कोणीतरी अजून एक काम अंगावर ढकलत होतं, मी "नको" म्हटलं आणि पुढे काहीच बोललो नाही. घाम फुटला होता. तो माणूस "बरं" म्हणून गेला.

कालचा शो लांबला. निघेपर्यंत दीड वाजला, मेकअप पुसायचा कंटाळा आला म्हणून तसाच गाडीत बसलो, बूट तेवढे काढले. बायकोला मेसेज केला, निघाले, अर्ध्या तासात पोचतो. पाठवल्यावर वाचला, खोडून नीट करावा म्हटलं, तर तिचं उत्तर आलेलं.

"ये तू. आणि तिला सांग ग्लिटर बाहेर झटकून ये, परवाच गादी साफ केलीय."